हाणामाऱ्या वाढल्या, की त्यांची नोंद वाढली?

अमळनेरच्या एका प्राध्यापक सरांनी विचारलं आहे: "रोज सकाळी मोबाईल उघडला की जळगाव, भुसावळ, धुळे, कुठला तरी खून, कोयता, नाहीतर गोळीबार समोर येतो. आमच्या लहानपणी खान्देशात असं नव्हतं. हिंसाचार खरंच वाढला आहे, की आता नुसतं कळायला लागलं आहे?"

मी पोलीस खात्यात शिपाई म्हणून लागलो आणि फौजदार म्हणून निवृत्त झालो. मधली बरीच वर्षं क्राईम रायटरच्या टेबलावर गेली. फिर्याद लिहिणं, गुन्हा रजिस्टर ठेवणं आणि महिनाअखेरीस गोषवारा काढून एसपी ऑफिसला पाठवणं हेच काम. त्यामुळे आकडा कसा तयार होतो ते जवळून पाहिलं आहे, आणि उत्तर तिथूनच द्यावं लागेल.

थोडक्यात आधी सांगतो. माणसं मारण्याचं प्रमाण देशात तीस वर्षांत बरंच खाली आलं आहे. बायकांवरची आणि घरातली हिंसा वाढलेली दिसते, त्यात मोठा वाटा नोंदीचा आहे. पूर्वी ती कमी होती असं मानायला माझ्याकडे एकही कारण नाही. आणि दोन-तीन गोष्टी खरोखर बिघडल्या आहेत, त्यांच्याकडे शेवटी येतो.

खुनापासून सुरुवात करू, कारण मढं सहसा लपत नाही. मारहाण, विनयभंग, लूट यांची तक्रार करायची की नाही हे सोसणारा ठरवतो. खुनात तो प्रश्न उरत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत १९९२ साली देशात ४० हजारांच्या आसपास खून नोंदलेले आहेत. तेव्हा लोकसंख्या ८७ कोटींच्या घरात होती. २०२३ च्या अहवालात खून २७,७२१ आहेत आणि लोकसंख्या १३९ कोटी. म्हणजे लाखामागे साडेचारच्या आसपास असलेलं प्रमाण दोनवर आलं. आमच्या पिढीने ज्या काळाला शांत म्हणून आठवणीत ठेवलंय, त्या काळात माणूस मारला जाण्याची शक्यता आजच्या दुपटीहून जास्त होती.

या घटीचं सगळं श्रेय मात्र समाजाला देता येत नाही. त्यात डॉक्टरांचा आणि रस्त्यांचा वाटा आहे. पूर्वी डोंगराकडच्या गावात पोटात सुरी लागलेला माणूस जीपमध्ये टाकून धुळ्याला निघायचा आणि वाटेतच संपायचा. २०१४ पासून १०८ ची ॲम्ब्युलन्स आली, रस्ते झाले, तालुक्याला रक्त मिळू लागलं. तोच वार, तीच सुरी, पण माणूस वाचला, म्हणून खुनाच्या ३०२ कलमाच्या जागी खुनाच्या प्रयत्नाचं ३०७ लागलं. नव्या भारतीय न्याय संहितेत १०३ च्या जागी १०९. एकेकाळी देशात खुनाच्या प्रयत्नाचे गुन्हे खुनांपेक्षा कमी असत, आता ते खुनांपेक्षा बरेच जास्त आहेत. म्हणून खुनाचा आकडा एकटा वाचू नये, शेजारी खुनाचा प्रयत्न ठेवून वाचावा. तसं वाचलं तरी माझं मत बदलत नाही, फक्त घट वरवर दिसते तेवढी मोठी राहत नाही.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. मढं लपत नाही, पण ते मढं कशामुळे झालं हे लपतं. प्रत्येक ठाण्यात गुन्हा रजिस्टरशेजारी आकस्मात मृत्यूचं रजिस्टर असतं. आम्ही त्याला ए.डी. म्हणतो. १९८० आणि ९० च्या दशकातली ती रजिस्टरं कुणी उघडून बसलं तर एक वाक्य त्याला पानोपानी भेटेल: "स्वयंपाक करीत असताना अचानक स्टोव्हचा भडका उडून अंगावरील नायलॉनच्या साडीने पेट घेतला." वय एकोणीस, बावीस, चोवीस. गाव वेगळं, हद्द वेगळी, वाक्य तेच. दुसरं वाक्य विहिरीचं: "पाणी शेंदत असताना पाय घसरून पडल्याने." ज्या बाईचा जन्म विहिरीवर पाणी भरण्यात गेला तिचा पाय लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी कसा घसरतो, हे विचारायची पद्धत नव्हती.

कागद कसा व्हायचा तेही सांगतो. बाई सिव्हिलला ऐंशी-नव्वद टक्के भाजलेली. नायब तहसीलदार मृत्यूपूर्व जबाब घ्यायला येईपर्यंत खाटेजवळ सासू नाहीतर नणंद. बाहेर व्हरांड्यात दिराच्या कडेवर लहान मूल, रडणारं. त्या मुलाचं पुढे काय होईल हे जबाब देणाऱ्या आईला चांगलं ठाऊक असायचं. ती सांगायची, स्टोव्ह भडकला. मग माहेरची माणसं ट्रॅक्टर भरून यायची, आरडाओरडा व्हायचा. दहाव्याच्या आत दोन्हीकडची जाणती माणसं बसायची, अंगावरचे दागिने परत, मुलाच्या नावावर थोडे पैसे किंवा बिघा-दीड बिघा जमीन, आणि बापाचा जबाब: "माझा कोणावर संशय नाही, माझी कोणाविरुद्ध तक्रार नाही." ए.डी. फाईल बंद. वार्षिक गोषवाऱ्यात त्या वर्षी त्या गावात हिंसक गुन्हा शून्य.

सासरच्या छळाचं ४९८अ कलम १९८३ साली आलं, हुंडाबळीचं ३०४ब १९८६ साली. लग्नाला सात वर्षं व्हायच्या आत बाई गेली तर वेगळी चौकशी होऊ लागली. कलम आलं म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळं बदललं असं नाही, पण पुढच्या वीस-पंचवीस वर्षांत यातले कितीतरी मृत्यू ए.डी.च्या रजिस्टरमधून उठून गुन्हा रजिस्टरमध्ये आले. आकडा वाढला, बातमी आली, लोक म्हणू लागले बायकांवरचे अत्याचार वाढले. त्या बायका आधीही मरतच होत्या हो.

२०२२ मध्ये धडगाव तालुक्यातल्या खडक्या गावच्या एका बापाने काय केलं ते महाराष्ट्राने पाहिलं. मुलीने गळफास घेतला असं पहिल्या शवविच्छेदनात निघालं. बापाचं म्हणणं, तिच्यावर अत्याचार करून तिला मारलं. दुसरं शवविच्छेदन व्हावं म्हणून त्याने मुलीचा देह शेतातल्या खड्ड्यात मिठात पुरून ठेवला, दीड महिन्याच्या आसपास, आणि शेवटी सप्टेंबरात मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दुसरं शवविच्छेदन झालं. त्या प्रकरणात खरं कोण हे मी सांगणार नाही. मला दिसतो तो बाप. आधीच्या पिढीतला बाप पंचांपुढे बसला असता आणि दंड ठरवून उठला असता. याला कागदावर नोंद हवी होती आणि तिच्यासाठी तो देह मिठात ठेवायला तयार झाला. नोंद वाढते ती अशा माणसांमुळेही वाढते.

सातपुड्यातली गोष्ट मैदानातल्यापेक्षा वेगळी आहे. अक्कलकुवा, धडगावच्या पाड्यांवरून ठाणं गाठायला अर्धा दिवस चालावं लागायचं. पोहोचल्यावर फिर्यादी बोलणार पावरी नाहीतर भिली, लिहिणारा मराठी. मध्ये दुभाषा कोण, तर गावचा कारभारी किंवा पोलीस पाटील. बऱ्याचदा हाच माणूस गावच्या पंचातही बसलेला असे आणि प्रकरण गावातच मिटवावं असं त्याला वाटत असे. डाकीण ठरवून बाईला मारहाण करणं, गावाबाहेर काढणं, प्रसंगी जिवे मारणं, याच्या कितीतरी घटना अशा वाटेतच विरल्या. डिसेंबर २०१३ मध्ये जादूटोणाविरोधी कायदा झाला, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते पाड्यांवर फिरू लागले, आणि डाकिणीच्या नावाखालचे गुन्हे नोंदले जाऊ लागले. प्रथा शेकडो वर्षांची, गुन्ह्याचा आकडा दहा-बारा वर्षांचा.

आता ठाण्याच्या टेबलावर आकडा कसा लहान-मोठा होतो ते पाहू. जुन्या दंड संहितेत बुक्कीने मारलं तर ३२३ लागायचं, अदखलपात्र. एन.सी. म्हणजे अदखलपात्र नोंदीची पावती फाडून द्यायची, तपास नाही, मोठ्या गोषवाऱ्यात गणती नाही. काठीने किंवा विळ्याने मारलं तर ३२४ लागायचं, दखलपात्र. शेताच्या बांधावरून भाऊबंदकीत झालेल्या मारामारीत काठी होती की नव्हती, हे फिर्याद लिहिताना ठरतं. मारणारे पाच असतील तर बेकायदेशीर जमाव आणि दंगल लागते, चार असतील तर नाही. लुटायला पाच आले तर दरोडा, चार आले तर जबरी चोरी. अंधारात लुटला गेलेला माणूस "पाच-सहा जण होते" म्हणतो आणि कागदावर "चार अनोळखी इसम" येतात, हे मी पाहिलेलं आहे. दरोडा झाला म्हणजे वरून फोन येतो, नाकाबंदी लागते आणि महिन्याच्या क्राईम मीटिंगमध्ये प्रभारीला उभं करतात. चोरलेला मोबाईल "गहाळ" होतो तोही असाच. आमच्या खात्यात याला बर्किंग म्हणतात. एखाद्या ठाण्याचा आकडा एकाएकी उतरला की मला आजही पहिली शंका हीच येते.

उलट्या बाजूने आकडा फुगतोही. भांडण एक, पण दोन्ही गट एकमेकांविरुद्ध फिर्याद देतात, गुन्हे दोन. २०१३ हे साल तर डोक्यात पक्कं ठेवा. दिल्लीतल्या निर्भया प्रकरणानंतर फेब्रुवारीपासून कायदा बदलला, बलात्काराची व्याख्या रुंदावली, अशा गुन्ह्यांची फिर्याद न घेणाऱ्या पोलिसालाच शिक्षेची तरतूद झाली. त्याआधी नोव्हेंबर २०१२ मध्ये मुलांवरच्या लैंगिक अत्याचारांविरुद्धचा पॉक्सो कायदा लागू होऊन संमतीचं वय १८ झालं होतं. नोव्हेंबर २०१३ मध्ये ललिता कुमारी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितलं की दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर घ्यावाच लागेल. देशातली बलात्काराची नोंद २०१२ मध्ये २४,९२३ होती, २०१३ मध्ये ३३,७०७ झाली. एका वर्षात पुरुषजात तिसऱ्या हिश्शाने बिघडत नाही. दार उघडलं, म्हणून माणसं आत आली.

त्याच वर्षी मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अठरा वर्षांखालचं मूल हरवलं तर अपहरण समजून गुन्हा नोंदवा. तोवर नुसती मिसिंग दाखल होत असे. तेव्हापासून सतरा वर्षांची मुलगी गावातल्या मुलाबरोबर सुरतेला निघून गेली तरी आधी अपहरणाचं कलम लागतं, जुन्या संहितेत ते ३६३ होतं. अपहरण हे हिंसक गुन्ह्यांत मोजायची रीत असल्यामुळे जिल्ह्याची हिंसा वाढलेली दिसते. आणखी एक उदाहरण २०२० चं. त्या वर्षी देशातले एकूण गुन्हे २८ टक्क्यांनी वाढले. कारण काय, तर टाळेबंदीत सरकारी आदेश मोडल्याचे, १८८ कलमाचे गुन्हे तीस हजारांच्या आतून सहा लाखांवर गेले. लोक घराबाहेर पडले म्हणून गुन्हेगार ठरले, आणि त्याच वर्षी चोऱ्या उतरल्या. नुसता एकूण आकडा वाचणाऱ्याला यातलं काही कळणार नाही.

खान्देशाची तुलना करताना अजून एक खबरदारी घ्यावी लागते. १ जुलै १९९८ ला धुळ्यातून नंदुरबार वेगळा झाला. त्याआधीचे आणि नंतरचे धुळ्याचे आकडे शेजारी ठेवून "धुळे सुधारलं" म्हणणं चुकीचं आहे. तसंच १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, मंगळसूत्र हिसकावण्याला स्वतःचं वेगळं कलम मिळालं. त्या तारखेच्या अलीकडचं-पलीकडचं सरळ जुळत नाही.

अजूनही नोंद पुरी होत नाही, हे विसरू नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत, २०१९-२१ च्या फेरीत, शारीरिक किंवा लैंगिक हिंसा सोसलेल्या बायकांपैकी फक्त १४ टक्क्यांनी कुणाकडे तरी मदत मागितली होती. कुणाकडेही, म्हणजे आई-भावासकट. पोलिसांपर्यंत येणाऱ्या तर त्याहून कमी. १९९४ साली जळगावचं लैंगिक शोषणाचं प्रकरण बाहेर आलं, तेव्हा अख्खा महाराष्ट्र हादरला. तो प्रकार आधी किती तरी काळ चालू होता, पण त्या काळात गुन्हा रजिस्टरात त्याचा मागमूस नव्हता. बाहेर आल्यावरही बऱ्याच मुली साक्षीला उभ्या राहिल्या नाहीत. त्या उभ्या का राहिल्या नाहीत हे खान्देशातल्या कुठल्याही आईबापाला समजावून सांगायला नको.

बातम्यांचं म्हणाल तर, पूर्वी तळोद्याकडचा खून जळगावच्या वाचकाला कळलाच तर तिसऱ्या दिवशी आतल्या पानावर चार ओळींत कळायचा. आता पंचनाम्याला आम्ही पोहोचायच्या आधी फोटो तालुक्यात फिरलेला असतो. शिवाय एकच गुन्हा पाच वेळा भेटतो: घडला तेव्हा, आरोपी धरला तेव्हा, कोठडी मिळाली तेव्हा, जामीन झाला तेव्हा, निकाल लागला तेव्हा. एप्रिल २०२५ मध्ये चोपड्यात हळदीच्या कार्यक्रमात बापाने स्वतःच्या मुलीला गोळ्या घातल्या, तिने मनाविरुद्ध लग्न केलं म्हणून. ती बातमी महिनाभर रोज नव्याने आली. मनात ती एक घटना राहत नाही, वीस होतात. हे आपल्याकडेच होतं असंही नाही. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हिंसक गुन्हे जवळपास निम्म्याने किंवा त्याहून जास्त उतरले, पोलिसांच्या आकड्यांतही आणि घरोघरच्या पाहणीतही. तरी तिथल्या बहुतेक जनमत चाचण्यांत बहुसंख्य लोक सांगत राहिले की गुन्हे गेल्या वर्षीपेक्षा वाढले.

ही भीती निरुपद्रवी असती तर मी एवढं लिहिलं नसतं. १ जुलै २०१८, रविवार, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. आठवडी बाजार भरलेला. त्याआधी कित्येक दिवस मोबाईलवर मुलं पळवणाऱ्या टोळीची अफवा फिरत होती. मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण, भिक्षा मागून जगणारे, तिथे उतरले. कुणालातरी संशय आला. त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं आणि जमावाने ठेचून मारलं. पाचही गेले. मारणाऱ्या लोकांना आपण मुलांना वाचवतोय असं वाटत होतं. नसलेल्या गुन्ह्याच्या बातमीने पाच खरे खून घडवले. "आप्पा, आते काय खरं नही ऱ्हायनं" हे वाक्य पारावर बसून कुणी म्हणतं तेव्हा मला राईनपाडा आठवतं, आणि मी तिथल्या तिथे विचारतो, कुठे घडलं, कधी घडलं, कुठल्या ठाण्याला नोंद आहे?

आता खरोखर काय बिघडलं ते. पहिलं, गावठी कट्टा. चोपडा तालुक्याच्या सीमेवर, अनेर नदीपलीकडे मध्य प्रदेशातलं उमर्टी, तिथून कट्टे येतात हे उघड आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये तिथे कारवाईला गेलेल्या चोपड्याच्या पथकावर हल्ला झाला आणि एका पोलिसाला ओलीस नेलं. जिथे पूर्वी काठी निघायची तिथे कट्टा निघाला की जखमीऐवजी मढं पडतं. भुसावळने ऑक्टोबर २०१९ आणि मे २०२४ मध्ये ते पाहिलं. पण कट्ट्याचेही आकडे जपून वाचा: हत्यार कायद्याचे गुन्हे पोलीस किती छापे घालतात त्यावर चढतात-उतरतात. तलवारीने केक कापणाऱ्या पोरांचे गुन्हे तर त्यांनीच टाकलेल्या व्हिडिओवरून दाखल होतात.

दुसरं, वाळू. गिरणा, तापी, पांझरेच्या पात्रात वाळूचा पैसा आला आणि डंपर अडवणाऱ्या तलाठ्यावर, मंडळ अधिकाऱ्यावर हात उचलायची हिंमत आली. सरकारी नोकराची फिर्याद कोणी दडपत नाही, त्यामुळे इथली वाढ मी खरी मानतो. तिसरं, पंधरा ते वीस वयातल्या पोरांच्या खिशातला चाकू. हा निष्कर्ष मी आकड्यांवरून काढत नाही, माझ्या डोळ्यांसमोर हे बदललं. पूर्वी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या जुगारात, दारूत भांडणं व्हायची ती मोठ्या माणसांची. आता कॉलेजच्या गेटवर "माझ्याकडे का पाहिलं" यावरून वार होतात.

यातून एक गोष्ट निघते आणि ती मला कळकळीने सांगायची आहे. दर जानेवारीला एसपी साहेबांची पत्रकार परिषद होते. गुन्हे वाढले तर दुसऱ्या दिवशी मथळा असतो, कमी झाले तर सत्कार. गुन्हे नोंद विभाग स्वतःच्या अहवालात बजावतो की गुन्हे वाढणं आणि पोलिसांनी गुन्हे नोंदवणं वाढणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तरी मथळा वाचून प्रभारीची बदली मागितली जाते. मग नवा आलेला पहिल्या दिवशी ठाणे अंमलदाराला सांगतो: अर्ज चौकशीवर ठेवा. फिर्याद अर्जात जाते, अर्ज फाईलीत जातो, आणि जी बाई धीर करून एकदा आली ती परत येत नाही. नव्या कायद्यात तीन ते सात वर्षांच्या शिक्षेच्या गुन्ह्यांत डीवायएसपींच्या परवानगीने चौदा दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते. ती सोय तपासासाठी आहे, पण टाळाटाळीची वाटही तीच होऊ शकते, तिच्यावर पत्रकारांनी आणि वकिलांनी नजर ठेवावी. ज्या ठाण्याचा लहान गुन्ह्यांचा आकडा चढलाय आणि खून-दरोड्याचा चढलेला नाही, तिथला अधिकारी बहुधा काम करतोय.

सर, तुमच्याकडे विद्यार्थी आहेत. त्यांना प्रकल्प द्यायचा असेल तर माहितीच्या अधिकारात आपल्या तालुक्याचे आकस्मात मृत्यू मागवा, फक्त बायकांचे, वय अठरा ते तीस, कारणासह: जळून, बुडून, विष घेऊन, गळफासाने. १९९५, २००५, २०१५ आणि २०२५, अशी चारच वर्षं घ्या. जुनी रजिस्टरं नष्ट केली असं उत्तर आलं तर सिव्हिलच्या शवविच्छेदनाच्या नोंदी मागा. त्याच वर्षांचे खून, खुनाचे प्रयत्न, हुंडाबळी आणि ४९८अ (२०२५ साठी नव्या संहितेचं ८५) शेजारच्या रकान्यांत मांडा. कागद हातात आले की कळवा, अमळनेरला येऊन मुलांबरोबर बसेन आणि ए.डी.चा कागद कसा वाचायचा ते दाखवीन.